केंद्रकातला मुक्काम

राजनंदिनी चौगुलेला घरीदारी सगळे राजी म्हणत. पन्हाळ्याच्या पायथ्याला तिचं गुऱ्हाळ होतं आणि त्याची गुळव्याही, म्हणजे गूळ उतरवणारीही, ती स्वतःच होती. वडील गेल्यावर ती रस उकळायच्या काहिलीपुढं उभी राहिली तेव्हा भावकीनं तोंडं वाकडी केली, बाईमाणूस कुठं गुळव्या असतंय का म्हणाली. दोन हंगामांत तीच भावकी लग्नाकार्याला तिचा गूळ मागून न्यायला लागली. २०४३ साल होतं, उष्णता मोजणारी यंत्रं एव्हाना प्रत्येक गुऱ्हाळात आली होती. पण यंत्र नुसता आकडा सांगतं. उकळत्या रसाचे बुडबुडे केवढे फुटतात, फेसाचा रंग कधी पालटतो, हे बघूनच काहील उतरवायची असते आणि त्याला डोळा लागतो. राजीकडं आता एकच डोळा उरला होता.

डावा चार वर्षांपूर्वी गेला. साधा ताप आला, उतरला आणि डोळा लाल झाला. धूर लागला असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. महिन्याभरात बुबुळावर जो पांढरा डाग पडला तो पडलाच. पुढं उजव्या डोळ्यातही तेच सुरू झालं, तेव्हा मात्र नवऱ्यानं, प्रवीणनं, तिला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टर नीलोफर बागवान यांनी गोळ्या सुरू करून तो डोळा वाचवला. तीन वर्षं त्या गोळ्यांवर निघाली. आता श्रावणात बागवानबाईंनी तिच्या रक्ताचा अहवाल बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. गोळ्यांनी तिची मूत्रपिंडं थकवली होती. दसऱ्यापर्यंत त्या बंद करणं भाग होतं, आणि त्या बंद झाल्या की डोळ्याचा भरवसा नव्हता.

दोन्ही डोळ्यांच्या दुखण्यामागं एकच विषाणू होता. तो बहुतेकांना तान्हेपणीच मिळतो, कुणाच्या तरी लाळेतून. कित्येकांना त्याचा पत्ताही लागत नाही. ताप गेल्यावर ओठाच्या कडेला चार फोड येतात, एवढंच. बागवानबाईंनी कागदावर एक मोठा गोल काढला, त्यात एक लहान गोल काढला आणि सगळी हकिकत समजावून सांगितली. तोंडातून शिरलेला विषाणू मज्जातंतूची वाट धरतो आणि कानापुढं, कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या गाठीत पोचतो. तिथल्या प्रत्येक पेशीच्या पोटात एक केंद्रक असतं. आपली सगळी जनुकं त्यातच. त्याच्या भिंतीला शेकडो दारं असतात आणि ओळख पटल्याशिवाय तिथून काही मोठं आत जात नाही. हा गडी मोठा हुशार. तो दाराला येऊन चिकटतो, कवच बाहेरच टाकतो आणि पोटातला डीएनएचा धागा तेवढा आत सोडतो. आत गेल्यावर धाग्याची टोकं जुळून त्याचं कडं होतं. केंद्रकात उघडा धागा दिसला की त्याच्यावर आपली प्रथिनं गुंडाळायची ही पेशीची सवयच आहे. ती या कड्यालाही नीट गुंडाळून ठेवते. घरचाच समजते त्याला. मग ते कडं वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं. ताप, ऊन, दगदग, काहीतरी निमित्त झालं की जागं होतं, स्वतःच्या नकला काढतं आणि त्याच वाटेनं बाहेर येतं. ओठाकडं उतरलं तर फोड, डोळ्याकडं उतरलं तर बुबुळावर जखम.

गोळ्या फक्त जाग्या विषाणूला धरतात, झोपलेल्याला हात लावू शकत नाहीत. त्याच्यासाठी आता नवा उपाय निघाला होता. डीएनए कापणारी एक कातरी एका निरुपद्रवी विषाणूच्या पोटात घालून त्याच वाटेनं, त्याच दारांतून केंद्रकात पाठवायची आणि कड्याचे तुकडे करायचे. अडचण एवढीच की कातरीला कुठं कापायचं ते आधी नेमकं शिकवावं लागतं, आणि विषाणूच्या प्रत्येक घराण्यात त्या जागा थोड्या वेगळ्या. चुकीच्या जागी कापलं तर पेशी तुकडे परत जोडून टाकते. शिवाय उपचार एकदाच करता येतो, कारण शरीर त्या वाहनाला ओळखायला शिकतं आणि दुसऱ्या खेपेला वाटेतच अडवतं.

राजीनं विचारलं, मग माझ्याच अंगातला विषाणू तपासा की. बाई म्हणाल्या, कवटीच्या तळातली पेशी कशी काढू? गोळ्यांमुळं तुझी आसवं स्वच्छ आहेत, लाळही. गोळ्या थांबवून तो जागा व्हायची वाट बघितली तर सापडेल, पण तोवर डोळा जाईल. त्यापेक्षा ज्याच्याकडून तुला तो मिळाला तो माणूस शोध. त्याच्या लाळेत तेच घराणं अजून अधूनमधून उतरत असणार.

दवाखान्याच्या फॉर्मवर प्रश्न होता, बाळाला पहिला घास कोणी भरवला? राजीनं पेन न थांबवता लिहिलं, मामा. आपल्याकडं उष्टावणाला मामाच लागतो, या प्रश्नाला दुसरं उत्तर कुणाला सुचत नाही. आई, उज्ज्वला, शेजारीच बसली होती. बाईंनी तिच्याकडं बघितलं तेव्हा ती म्हणाली, "व्हय, धनाजीनंच." आईचं रक्त तिथंच तपासलं, तिला हा विषाणू कधी झालाच नव्हता. वडील आणि आजी केव्हाच गेलेले. म्हणजे धनाजीमामाच उरला.

एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेला धनाजीमामा तेव्हा मुलाकडं मस्कतला होता. भाचीचं काम म्हटल्यावर गडी हरखला. रोज सकाळी चहाच्या आधी नळीत थुंकायचा, नळीवर तारीख घालायचा आणि फोनवर सांगायचा, आजचा माल चांगला आहे. अंगठी दिली, साडी दिली, आता हेही आम्हीच दिलं म्हणायचं, अशी चेष्टा वर. एक महिना नळ्या येत राहिल्या. एकीतही काही निघेना. बाईंनी पुन्हा पुन्हा सांगूनही रक्त द्यायला मात्र तो तिथं तयार नव्हता, सुईला भ्यायचा. भाद्रपदात परत आला तेव्हा राजीनं त्याला हाताला धरून मिरजेला नेलं. मामाच्याही अंगात तो विषाणू कधीच शिरला नव्हता. दसऱ्याला आता तीन आठवडे राहिले होते.

मामाचं तोंड एवढंसं झालं. परतीच्या वाटेवर जयसिंगपूर आलं. तेव्हा तो म्हणाला, "राजे, तुझ्या तोंडात माझा घास गेलाच न्हाई. मी वाटी धरली, तू तोंड फिरवलंस. फोटो काढला आणि वाटी ठेवून दिली. तुला दुसऱ्याच हाताची सवय झालेली. कुणाच्या, ते तुझ्या आईला विचार."

राजी घरी आली तेव्हा आई सोप्यात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. राजीनं मामाचं बोलणं सांगितलं. आईचे हात थांबले नाहीत, पण चांगल्या शेंगा ती आता फोलपटात टाकत होती.

"तुला मी पाच महिने मांडीवर घेतलं न्हाई," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. दिवाळीच्या पाठोपाठ राजी झाली आणि उज्ज्वलाच्या मनाला काय झालं ते तिचं तिलाच कळेना. पोर रडली की अंगावर काटा यायचा. बाहेर गुऱ्हाळ पेटलेलं असायचं, आणि तिच्या डोक्यात एकच यायचं, की हिला घेऊन तिकडं गेले तर काहिलीत टाकीन. या भीतीनं ती खोलीतून बाहेर पडायची नाही, पोरीला शिवायची नाही. अशा बाईला औषध असतं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. गुऱ्हाळावर रस काढलेल्या उसाची चिपाडं वाळवायला जत तालुक्यातली निंगव्वा नावाची एक बाई आली होती. तिचं दोन महिन्यांचं पोर त्याच दिवसांत गेलं होतं. सासूनं राजीला उचलून तिच्या ओटीत घातलं. तिनं अंगावर पाजलं, पुढं भाकरी चावून मऊ करून भरवली, न्हाऊमाखू घातलं. चैत्रात हंगाम संपला तसं सासूनं तिला लुगडं देऊन वाटेला लावलं आणि या गोष्टीचा शब्द कुणी काढायचा नाही म्हणून बजावलं. उज्ज्वला हळूहळू बरी झाली, लेकीचं सगळं केलं. पण तिनं मुका घेतलेला राजीला कधी आठवत नव्हता. तो हक्क आपला नव्हे असं उज्ज्वलाला वाटत राहिलं.

राजीचा संताप संताप झाला. पस्तीस वर्षांपूर्वीचं राहू दे, ती म्हणाली, श्रावणात फॉर्म भरताना तू शेजारी बसली होतीस. महिना फुकट गेला. माझा डोळा गेला असता तरी तू गप्प बसणार होतीस काय?

"डोळा गेला असता तर हाताला धरून हिंडवलं असतं तुला," आई म्हणाली. "पण हे कळल्यावर तू माझ्याकडं कशी बघशील, त्याचंच भ्या वाटलं."

राजी उठून गुऱ्हाळाकडं निघून गेली. काहिलीखालच्या थंड चुलवाणाशी बसून ती रडली, आईवर चरफडली आणि काहिलीकडं बघता बघता तिच्या लक्षात आलं, की त्या खोलीत पाच महिने बसून राहिलेली बाई आपल्याला मारू नये म्हणूनच बसून राहिली होती. राग गेला असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला आवरून घ्यायला सांगितलं, कारण निंगव्वाचा चेहरा फक्त तिनंच बघितलेला होता.

गावाचं नाव आईला धड आठवत नव्हतं, उमदीच्या अलीकडं कुठंतरी, एवढंच. प्रवीण गाडी चालवत होता. दोन दिवस वस्त्यावस्त्यांवर विचारत हिंडल्यावर एका कडुनिंबाखालच्या घरापुढं शेळ्यांना पाला घालणारी, साठी ओलांडलेली एक काटक बाई दिसली. तिनं वळून बघितलं आणि हातातला पाला खाली ठेवला.

"वैनी?"

उज्ज्वला उंबऱ्याशीच बसली. निंगव्वानं राजीकडं बघितलं, मग जवळ येऊन दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. राजीला काय वाटावं ते कळेना. ओळख काहीच नव्हती आणि तरी त्या हातांतून तोंड काढून घ्यावंसं वाटत नव्हतं. इतक्या जवळून तिला निंगव्वाच्या ओठाच्या कोपऱ्यावरची खपली दिसली. मागच्या आठवड्यात ताप येऊन गेला, म्हणून निंगव्वानं सांगितलं. खपली ताजी होती, म्हणजे लाळेत विषाणू असणार. डॉक्टरांना हवं होतं ते नेमकं तिथं होतं.

वाटेत प्रवीण म्हणाला होता, म्हातारीला कशाला सगळं सांगायचं, थुंकी पाहिजे म्हणायचं आणि घ्यायची. पण देणाऱ्याला सगळं समजावून सांगितल्याशिवाय लाळ घ्यायची नाही, असं बागवानबाईंनी राजीकडून वदवून घेतलं होतं. शिवाय निंगव्वानं सरळ विचारलंच, माझीच थुंकी कशाला? राजीनं सांगितलं. जमेल तेवढं हळू सांगितलं.

निंगव्वानं हात काढून घेतले. पदर ओढून तोंडावर धरला आणि दोन पावलं मागं सरून बसली.

"म्हंजे पोरीचा डोळा मी घालवला."

राजी म्हणाली, दहातल्या सहा-सात माणसांच्या अंगात हा असतो मावशी, तुम्हाला तरी काय ठाऊक. प्रवीणही काहीतरी बोलला. त्याचा काही उपयोग होत नव्हता, पदर हलेना. तेव्हा उंबऱ्यावरून उज्ज्वला बोलली.

"तू घालवला न्हाईस. तू जगवलीस तिला. चावलेला घास तिच्या तोंडात घातलास म्हणून ती आज हितं बसलीय. मी घातला न्हाई. माझ्याकडनं तिला काहीच गेलं न्हाई निंगव्वा, रोगसुद्धा न्हाई."

एक शेळी येऊन राजीची ओढणी चघळायला लागली, ती प्रवीणनं सोडवली. मग निंगव्वानं पदराआडून विचारलं, ते असतंय कुठं? राजीनं बागवानबाईंचा तो गोल मातीत बोटानं काढून दाखवला. हे दार, असं आत आलं, इथं कडं करून बसलं, शरीराला वाटलं आपलंच आहे.

"तवापासनं आतच हाय?"

"पस्तीस वर्षं."

निंगव्वानं मातीतल्या त्या गोलाकडं बघत आपल्या गेलेल्या पोरीचं नाव सांगितलं. गंगा. गंगेचे घ्यायचे राहिलेले मुके मी तुझे घेतले, म्हणाली. ते असं बसून ऱ्हाईल म्हनून कुनाला ठावं. हे कापून टाकायचंय, हे राजीला तोंडानं सांगवेना, म्हणून तिनं नुसती नळी पुढं केली. निंगव्वाला समजलं. तिनं नळी घेतली, पाठ फिरवून तिच्यात थुंकली, टोपण स्वतः घट्ट लावलं.

"काप," ती म्हणाली. "मला तवा वाटंला लावलं, ते तेवढं तुज्यात मागं ऱ्हायलं. आता बोलवलं तर मीच यीन की."

नळी बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी मिरजेला गेली. विषाणू सापडला, त्याच्या डीएनएची अक्षरं वाचून कातरीला कापायच्या जागा शिकवल्या आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजीच्या अंगात ती सुई टोचली. त्यानंतर गोळ्या बंद. आता बघायचं एवढंच, की पुढचा ताप येईल तेव्हा डोळा काय करतो. बाईंनी सांगितलं होतं, तुझ्यातलं घराणं निंगव्वाचंच असेल अशी दाट आशा आहे, खात्री तापच देईल. असा तापाची वाट बघणारा माणूस गावानं पहिल्यांदाच पाहिला. हंगाम लागला, काहील चढली. निंगव्वा आली. चिपाडांना कुणी तिला हात लावू दिला नाही, तर ती रुसली आणि शेवटी चुलीपुढं जाऊन बसली. राजीशी बोलायची, तिच्या पाठीवरून हात फिरवायची, पण जवळ आली की पदर तोंडावर. गल्लीतलं एखादं पोर मांडीवर येऊन बसलं तरी तोंड दुसरीकडं करायची. राजीला ते बघवत नव्हतं. आपण हिला काय सांगून बसलो असं तिला वाटायचं.

मार्गशीर्षात ताप आला. चांगला तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी प्रवीणनं तिला मिरजेला नेलं, मागं दोघी बायका, आई खिडकीकडं बघत आणि निंगव्वा पुटपुटत. डोळ्यात हिरवा थेंब घालून बाईंनी दिव्यातून बघितलं. मग आसवं यंत्रात घातली. तासाभरानं त्या बाहेर आल्या. बुबुळ स्वच्छ होतं आणि आसवांत काही नव्हतं. तापानं जागं करायला आत काही उरलंच नव्हतं.

राजीनं डोळा मिटून घेतला, उघडला. समोरच्या भिंतीवरची बारीक अक्षरं तिनं उगाचच वाचून काढली. मग बाईंना आपल्या मनातलं विचारलं. निंगव्वाकडून मला ते परत आलं तर? बाई म्हणाल्या, कातरी त्या केंद्रकांतच राहणार, जन्मभर. या घराण्याचा धागा तिथं पुन्हा आला की तिथंच कापला जाईल. तिच्या ओठावर फोड असतील तेव्हा दुसऱ्या कुणाचा मुका मात्र तिनं घ्यायचा नाही, एवढंच.

बाकावर निंगव्वा बसली होती, तोंडावर पदर घेऊन. राजी तिच्याजवळ जाऊन बसली आणि बाई काय म्हणाल्या ते तिला दोनदा सांगितलं. निंगव्वाचा विश्वास बसेना. शेवटी राजीनंच तो पदर धरून खाली ओढला आणि आपला गाल पुढं केला. निंगव्वानं आधी हातानं तो गाल चाचपला, मग मुका घेतला, मग दुसऱ्या गालाचा, मग मिटलेल्या उजव्या डोळ्यावर. जाणारी-येणारी माणसं थांबून बघायला लागली तरी तिला त्याचं काही नव्हतं.

उज्ज्वला समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. निंगव्वानं तोंड पुसलं आणि बाकावर थोडी सरकली.

"वैनी," ती म्हणाली, "आता तुमी घ्या."

उज्ज्वला जागची हलली नाही. राजीनं तिच्याकडं बघितलं, त्याच डोळ्यानं, आणि बाकावरच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. तेव्हा ती आली.